ओव्हन नसताना घरी केक कसा करायचा? कढई, आप्पेपात्र आणि सोड्याचं साधं शास्त्र

मुलांना केक आवडतो, घरात ओव्हन नाही आणि आठवड्याचे पाच दिवस संध्याकाळी सातच्या आत कुणी घरी पोहोचत नाही. अशा घरांसाठी महाराष्ट्रात वर्षानुवर्षं एकच सल्ला दिला जातो: 'कुकरमध्ये कर, छान होतो.' केक खरंच छान होतो. पण रोजचा डाळ-भाताचा कुकर त्यासाठी वापरणं मात्र सुरक्षित नाही. ते का, त्याऐवजी काय वापरावं, केक फुगतो कशामुळे आणि कमी वेळात काय काय करता येतं, हे या लेखात समजून घेऊ.

बेकिंग म्हणजे नेमकं काय?

पदार्थाला चारही बाजूंनी कोरडी, एकसारखी उष्णता देऊन शिजवणं म्हणजे बेकिंग. इडली वाफेवर शिजते. वाफेचं तापमान १०० अंश सेल्सिअसच्या आसपास राहतं, म्हणून इडली पांढरी आणि मऊच राहते. केकला, बिस्किटाला जो खरपूस तपकिरी रंग आणि वास येतो, त्यासाठी पृष्ठभागाचं तापमान साधारण १४० अंशांच्या वर जावं लागतं. म्हणूनच बहुतेक केक १८० अंशांवर भाजतात.

यातूनच आणखी एक नेहमीचा गोंधळ सुटतो. साध्या मायक्रोवेव्हमध्ये केक फुगतो, शिजतो, पण वरून पांढराच दिसतो. मायक्रोवेव्ह लहरी मुख्यतः पदार्थातलं पाणी तापवतात, बाहेरची हवा नाही. खरपूस केक हवा असेल तर 'कन्व्हेक्शन' मोड लागतो. साध्या मायक्रोवेव्ह मोडवर धातूचं भांडं ठेवू नका, काचेचं किंवा सिलिकॉनचं वापरा.

रोजचा कुकर का नको?

कुकरमध्ये पाणी असतं तेव्हा आतलं तापमान १२० अंशांच्या आसपास थांबतं. पाण्याची वाफ होते, दाब वाढतो, शिट्टी होऊन जास्तीची वाफ बाहेर पडते. म्हणजे पाणी हाच कुकरचा लगाम आहे. कोरडा कुकर गॅसवर ठेवला की हा लगाम सुटतो आणि तळ खूप जास्त तापतो.

आता झाकणाकडे बघा. अनेक कुकरच्या सेफ्टी व्हॉल्व्हमध्ये कमी तापमानाला वितळणाऱ्या धातूची गुंडी असते. आतलं पाणी संपून कुकर प्रमाणाबाहेर तापला तर ती वितळावी आणि वाफेला वाट मिळावी, यासाठीच ती ठेवलेली असते. कोरड्या कुकरवर हेच झाकण पाऊण तास ठेवलं तर गुंडी वितळू शकते. रिंग आणि शिट्टी काढली तरी सेफ्टी व्हॉल्व्ह झाकणातच राहतो, हे बऱ्याचदा लक्षात येत नाही. शिवाय वारंवार कोरडा तापवल्याने भांड्याचा तळ वाकू शकतो. त्याच कुकरमध्ये दुसऱ्या दिवशी दाबाखाली डाळ शिजणार असते, म्हणून हा धोका घेऊ नये.

त्याऐवजी यातलं काहीही चालेल:

• जाड बुडाची ॲल्युमिनियमची किंवा लोखंडी कढई, वर घट्ट बसणारं जड ताट
• जाड बुडाचं मोठं पातेलं आणि सपाट झाकण
• दाबासाठी वापरणं कायमचं बंद केलेला जुना कुकर, त्याच्या झाकणाऐवजी वर ताट

नॉनस्टिक कढई मात्र वापरू नका. रिकामी नॉनस्टिक कढई झपाट्याने तापते आणि २६० अंशांच्या वर तिचा थर खराब व्हायला लागतो.

कढईचा ओव्हन कसा करायचा?

१. कढईत एक ते दीड कप जाडं मीठ पसरा. मिठामुळे गॅसची आच एका जागी न लागता पसरते. थंड झाल्यावर हे मीठ बरणीत भरून पुढच्या वेळी याच कामाला वापरता येतं, खायला मात्र वापरू नका.
२. मिठावर स्टीलची रिंग किंवा लहान उलटी ताटली ठेवा. केकचं भांडं मिठाला थेट टेकता कामा नये.
३. झाकण ठेवून मध्यम आचेवर १० मिनिटं तापू द्या.
४. केकचं भांडं सांडशीने आत ठेवा, झाकण लावा आणि आच मंद करा.
५. पहिली २५ मिनिटं झाकण उघडू नका. आत साठलेली गरम हवा निघून गेली की अर्धवट फुगलेला केक बसतो.

झाकणाला वाफ धरून केकवर थेंब पडत असतील तर झाकणाला आतून कोरडं सुती कापड बांधा आणि त्याची टोकं वर गाठ मारून ठेवा. टोकं खाली लोंबली तर गॅसवर पेट घेऊ शकतात.

सोडा आणि बेकिंग पावडर: फरक काय?

दोन्ही पांढऱ्या, दोन्ही केक फुगवतात, पण एकीच्या जागी दुसरी चालत नाही.

खायचा सोडा म्हणजे सोडियम बायकार्बोनेट. आंबट पदार्थाशी गाठ पडली की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. पिठात या वायूचे बुडबुडे अडकतात, उष्णतेने फुगतात, भोवतीचं पीठ शिजून घट्ट होतं आणि केकला जाळी पडते. म्हणून सोडा वापरायचा तर सोबत दही, ताक, लिंबू किंवा व्हिनेगर हवं. आंबट कमी पडलं तर उरलेला सोडा केकला साबणासारखी चव देतो. साधारण हिशेब असा: एक कप दह्याला जास्तीत जास्त अर्धा लहान चमचा सोडा.

बेकिंग पावडरमध्ये सोडा, कोरडं आम्ल आणि ओल शोषणारा स्टार्च एकत्र असतो, त्यामुळे वेगळं आंबट लागत नाही. बाजारातल्या बहुतेक बेकिंग पावडरी दोनदा काम करतात, एकदा ओल्या झाल्यावर आणि पुन्हा गरम झाल्यावर. तिचा इतिहासही घरगुतीच आहे. बर्मिंगहॅमचे रसायनतज्ज्ञ आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी आणि यीस्ट चालत नव्हतं, म्हणून त्यांनी १८४३ मध्ये यीस्टशिवाय पाव फुगवणारी पावडर तयार केली.

इनोमध्ये सोड्याबरोबर सायट्रिक आम्लही असतं, त्यामुळे तो ओला होताच एका दमात फसफसतो. इनो घालायचा तर अगदी शेवटी घाला आणि मिश्रण लगेच गरम कढईत ठेवा.

जुनी बरणी चांगली आहे का, हे बघणं सोपं आहे. बेकिंग पावडर अर्धा चमचा गरम पाण्यात टाका, सोडा थोड्या लिंबाच्या रसात टाका. जोरात फसफसलं तर ठीक, नाहीतर नवीन आणा.

कृती १: बिनअंड्याचा रवा केक

साहित्य (१८ सेंटीमीटरचं गोल भांडं, १२ तुकडे):

• बारीक रवा दीड कप (साधारण २५० ग्रॅम)
• दही १ कप
• पिठीसाखर १ कप (साधारण १२० ग्रॅम)
• पातळ केलेलं तूप किंवा वास नसलेलं तेल पाव कपाहून थोडं जास्त
• दूध अर्धा कप, लागल्यास आणखी पाव कप
• बेकिंग पावडर १ लहान चमचा, सोडा पाव लहान चमचा
• वेलदोड्याची पूड, चिमूटभर मीठ

दही, साखर आणि तूप एकत्र घोटा. त्यात रवा, मीठ, वेलदोडा आणि अर्धा कप दूध घालून २० मिनिटं झाकून ठेवा. ही पायरी गाळू नका. रवा या वेळात पाणी पितो, नाहीतर केक कोरडा आणि भगराळ होतो. या २० मिनिटांत कढई तापवा, भांड्याला तूप लावून तळाला कागद घाला. मग मिश्रण बघा. इडलीच्या पिठाइतकं सरसरीत हवं, घट्ट वाटलं तर दूध घाला. सोडा आणि बेकिंग पावडर शेवटी घालून हलक्या हाताने मिसळा आणि लगेच भाजायला ठेवा.

मंद आचेवर ३५ ते ४५ मिनिटं लागतात. मध्यभागी सुरी खुपसून बघा, कोरडी निघाली की झालं. ओव्हन असेल तर १८० अंशांवर ३५ ते ४० मिनिटं. भांड्यातून काढण्याआधी १५ मिनिटं थांबा, गरम केक मोडतो.

कृती २: केळ्याचे आप्पे-केक

शाळेच्या दिवशी पाऊण तास कुणाला असतो? तेव्हा आप्पेपात्र काढा. दोन चांगली पिकलेली केळी कुस्करा. त्यात दोन मोठे चमचे किसलेला गूळ, अर्धा कप दूध, एक कप कणीक, पाव कप बारीक रवा, पाऊण लहान चमचा बेकिंग पावडर आणि चिमूटभर मीठ घाला. मिश्रण चमच्यातून जाड पडायला हवं. प्रत्येक खळग्यात थोडं तूप सोडा, खळगा पाऊण भरा आणि झाकून मंद आचेवर चार-पाच मिनिटं ठेवा. उलटून आणखी तीन मिनिटं.

कणकेत कोंडा असतो, तो पाणी जास्त शोषतो, म्हणून मैद्यापेक्षा दूध थोडं जास्त लागतं. आणि कणीक घातल्यावर फार फेटू नका. जितकं ढवळाल तितकं ग्लुटेन तयार होतं आणि आप्पे चिवट होतात.

कृती ३: नानकटाई

पाऊण कप मैदा, अर्धा कप बेसन, अर्धा कप पिठीसाखर, अर्धा कप थिजलेलं तूप, अर्धा लहान चमचा बेकिंग पावडर, वेलदोडा. तूप आणि साखर आधी पांढरट होईपर्यंत फेटा, मग पिठं घालून गोळा करा. तूप पातळ असेल तर नानकटाई पसरते, म्हणून उन्हाळ्यात वळलेले गोळे १५ मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा. कढईत मंद आचेवर २० ते २५ मिनिटं भाजा. गरम असताना ती मऊच लागते, थंड झाल्यावर खुसखुशीत होते. मऊ आहे म्हणून आणखी भाजत बसाल तर तळ करपेल.

वेळ कसा वाचवायचा?

रविवारी कोरडं मिश्रण करून ठेवा. आप्प्यांसाठीची कणीक, रवा, बेकिंग पावडर आणि मीठ तिप्पट प्रमाणात चाळून हवाबंद डब्यात भरा. चमचा कोरडाच वापरा. महिनाभर हे चांगलं राहतं. सकाळी सव्वा कप मिश्रणात केळी, गूळ आणि दूध घातलं की काम संपलं. जास्त पिकलेली केळी टाकून देऊ नका. सोलून डब्यात घालून फ्रीझरमध्ये ठेवा, काळी पडली तरी गोडवा जात नाही.

मुलांना काय करू द्यावं?

तीन-चार वर्षांचं मूल कप भरून ओतणं, केळी कुस्करणं, नानकटाईवर अंगठ्याने खळगा पाडणं हे सगळं करू शकतं. सात-आठ वर्षांची मुलं मोजमाप वाचू शकतात. अर्धा कप आणि पाव कप मिळून किती, हे इथे वहीपेक्षा लवकर कळतं. गॅस, तापलेली कढई आणि गरम मीठ मात्र मोठ्यांकडेच. मीठ गॅस बंद केल्यावरही बराच वेळ गरम राहतं.

चार गोष्टी लक्षात ठेवा:

• कच्चं मिश्रण चाटू देऊ नका. कच्च्या अंड्यात आणि कच्च्या पिठातही रोगजंतू असू शकतात.
• एक वर्षाखालील बाळाला मध देऊ नका, केकमधून भाजलेलाही नको. त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
• पाच वर्षांखालील मुलांना अख्खे काजू-बदाम देऊ नका, घशात अडकू शकतात. पूड घाला.
• शाळेच्या डब्यात सुकामेवा घालण्याआधी शाळेचा नियम विचारा. वर्गात एखाद्याला ॲलर्जी असू शकते.

साखरेचा हिशेब

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१५ च्या मार्गदर्शनानुसार वरून घातलेल्या साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसभराच्या ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत असावी, ५ टक्क्यांच्या आत असली तर आणखी चांगलं. दिवसाला १५०० कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी १० टक्के म्हणजे सुमारे ३७ ग्रॅम आणि ५ टक्के म्हणजे सुमारे १८ ग्रॅम साखर. वरच्या रवा केकच्या एका तुकड्यात १० ग्रॅम साखर येते. म्हणजे एक तुकडा हरकत नाही, तीन खाल्ले तर इतर गोडासाठी फारशी जागा उरत नाही. गूळ घातला म्हणून हिशेब बदलत नाही, तोही साखरेतच मोजायचा.

काय चुकलं असेल?

मध्ये बसला: झाकण लवकर उघडलं, सोडा जास्त झाला किंवा आतून कच्चा राहिला.
खाली करपला, वर कच्चा: आच मोठी होती किंवा भांडं मिठाला टेकलं होतं.
फुगलाच नाही: पावडर जुनी होती किंवा मिसळल्यावर मिश्रण बराच वेळ तसंच राहिलं.
वरून फुटला: सुरुवातीची आच जास्त होती. चवीत फरक पडत नाही, उलटा करून वाढा.

किती दिवस टिकतो?

दह्या-दुधाचा रवा केक थंडीत बाहेर दोन दिवस, उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात एकच दिवस. फ्रीजमध्ये हवाबंद डब्यात चार दिवस. केळ्याचे आप्पे त्याच दिवशी संपवा. नानकटाईत पाणी जवळजवळ नसतं, त्यामुळे ती घट्ट झाकणाच्या डब्यात दोन आठवडे सहज राहते. पूर्ण थंड होण्याआधी डब्यात भरली तर मात्र वाफ धरून मऊ पडते.