एसटीडीच्या पल्ल्याबाहेरचे ई-मेल : बीबीएसची टपालव्यवस्था आणि नगर जिल्हा

इंटरनेट सर्वसामान्यांच्या हाती येण्यापूर्वी भारतात ई-मेलचे दोन प्रवाह होते : एक सरकारी खात्यांचा व संशोधनसंस्थांचा, आणि दुसरा हौशी संगणकधारकांनी घरच्या टेलिफोनवर उभा केलेला. अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दृष्टीने या दोहोंकडे पाहिले, तर तालुक्याच्या गावांपर्यंत ई-मेल उशिरा पोहोचण्याचे कारण तंत्राच्या उणिवेत नसून टेलिफोनच्या दरांत आणि परवान्याच्या धोरणात होते, हे स्पष्ट होते.

बुलेटिन बोर्ड सिस्टिम, अर्थात बीबीएस, म्हणजे टेलिफोनला मोडेमने जोडलेला असा संगणक, की ज्याला दुसऱ्या संगणकावरून फोन लावून निरोप वाचता-लिहिता येत आणि फायली उतरवून घेता येत. वॉर्ड ख्रिस्टेन्सन आणि रँडी स्यूस यांनी १९७८ मध्ये शिकागोत अशी पहिली व्यवस्था सुरू केली. मात्र एका बीबीएसवर टाकलेले पत्र त्याच बीबीएसच्या सभासदाला मिळे. परगावच्या बीबीएसवर ते जाण्याची सोय नव्हती. ती उणीव १९८४ मध्ये टॉम जेनिंग्ज यांनी फिडोनेट या जाळ्याने भरून काढली. दिवसभर साठलेली पत्रे एकत्र बांधून, टेलिफोनचा दर उतरल्यावर रात्री पुढच्या संगणकाला फोन करून ती सोपवायची, अशी ही ‘साठवा आणि पुढे धाडा’ पद्धत होती, आणि तिचे नाते जुन्या डाकेच्या थैलीशी जवळचे होते.

चालू बीबीएसला ही टपालाची जोड देणे बरेच खटपटीचे काम असे. मोडेम आणि कार्यक्रम यांच्यामध्ये दुभाष्याचे काम करणारा ‘फॉसिल’ नावाचा ड्रायव्हर प्रथम बसवावा लागे, त्यावर ‘मेलर’ म्हणजे फोन उचलणारा व लावणारा कार्यक्रम, आणि त्यामागे आलेले गठ्ठे सोडून पत्रे योग्य कप्प्यांत टाकणारा ‘टॉसर’. घंटा वाजली की आधी मेलर फोन उचलत असे; पलीकडे दुसरा मेलर असल्यास पत्रांची देवघेव होई, आणि माणूस असल्यास त्याने दोनदा एस्केप कळ दाबताच त्याला बीबीएसकडे सोडले जाई. ‘नोडलिस्ट’ ही सर्व केंद्रांची टेलिफोन क्रमांकांसह यादी दर आठवड्याला नव्याने निघे. नवे केंद्र नोंदवण्याचा अर्जसुद्धा फिडोनेटच्या पत्रानेच करावा लागे. जुळणी बरोबर झाल्याखेरीज अर्ज पोहोचणारच नाही, ही त्यामागची साधी आणि चोख परीक्षा होती. पत्त्यात झोन, नेट आणि नोड असे तीन आकडे असत. आशियाचा झोन सहावा होता.

भारतात १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून असे बीबीएस उभे राहू लागले. मुंबईचा लाइव्ह वायर आणि बंगळूरचा सीआयएक्स ही त्यांतील ठळक नावे. सीआयएक्स अतुल चिटणीस चालवत. याच सुमारास मुंबईत जुहूच्या एनसीएसटी या संस्थेने आयआयटीशी, आणि पुढे परदेशांतील संगणकांशी, टेलिफोनवरून ई-मेलची देवघेव सुरू केली होती. अर्थात ती संशोधकांपुरती होती.

नगर जिल्ह्याचे क्षेत्रफळ १७,०४८ चौरस किलोमीटर, म्हणजे राज्यात सर्वांत मोठे. तरीही बीबीएसच्या नकाशावर हा जिल्हा मुंबईपासून एक एसटीडी कॉल, म्हणजे परगावी थेट लावलेला फोन, इतका दूर होता आणि त्या कॉलचे मीटर सेकंदांवर पळत असे. रात्री ११ नंतर एसटीडीचा दर पावपट होई, म्हणून पीसीओंवर, म्हणजे सार्वजनिक टेलिफोन केंद्रांवर, त्या वेळी रांगा लागत. २४०० बिटांच्या मोडेमवर सेकंदाला सुमारे २४० अक्षरे जात. त्यामुळे २,००० अक्षरांचे पत्र आठ-नऊ सेकंदांत पोहोचे आणि दाबून लहान केल्यास त्याहूनही लवकर. तेच पत्र फोन चालू ठेवून टंकित करायचे, तर दहा मिनिटांचे बिल लागे. फिडोनेटमध्ये ‘पॉइंट’ नावाची सोय होती, तिच्यात सभासद घरी बसून पत्रे लिहून ठेवी आणि रात्री एकदाच आपल्या मूळ केंद्राला फोन लावून जुनी देऊन नवी घेई. अखंड जोडणीची गरजच नसलेली ही रीत महानगरांपेक्षा श्रीरामपूर, संगमनेर, कोपरगाव यांसारख्या गावांना अधिक सोयीची होती.

मराठीची अडचण मात्र वेगळी होती. इस्की या भारतीय संकेतप्रणालीत देवनागरी अक्षरे १२८ च्या वरच्या क्रमांकांवर बसवलेली होती, आणि इंटरनेटकडे जाणाऱ्या मार्गांवरील अनेक टपाल-कार्यक्रम आठवा बिट कापून सातच पुढे धाडत; परिणामी देवनागरी मजकूर पलीकडे निरर्थक रोमन चिन्हांच्या रूपात उतरे. तो इजा न होता पोहोचवायचा तर आधी सात बिटांच्या रूपात गुंडाळावा लागे. म्हणून मराठी माणसे एकमेकांना रोमन लिपीत पत्रे लिहीत.

राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या निकनेटने १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून जिल्ह्यांची ठिकाणे उपग्रहाद्वारे दिल्लीशी जोडली. अशा रीतीने जिल्हाधिकारी कार्यालयांच्या आवारात ई-मेल येऊन पोहोचले, पण कार्यालयाबाहेरच्या नागरिकाला त्याचा उपयोग नव्हता. ज्यांना तो करून देता आला असता, त्या बीबीएसचालकांवर १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाची छाया होती, कारण संदेशवहनाचा अनन्य हक्क त्या कायद्याने केंद्र सरकारकडे ठेवला होता. १९९० च्या दशकाच्या मध्यास दूरसंचार विभागाने बीबीएसवर वर्षाला सुमारे १५ लाख रुपयांचे परवाना शुल्क लावण्याचा पवित्रा घेतला. घरातल्या एका टेलिफोनवर विनामूल्य चालणाऱ्या सेवेला ही रक्कम झेपणे अशक्य होते. हे धोरण अन्यायाचे आणि अदूरदर्शी होते. जिल्ह्याच्या गावांतही खासगी ई-मेल रुजवू शकणारी सर्वांत स्वस्त वाट त्याने अडवली.

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने महानगरांत इंटरनेट खुले केले, तेव्हाही लहान गावांना एसटीडीनेच जोडणी घ्यावी लागे. नोव्हेंबर १९९८ च्या धोरणाने निगमाची मक्तेदारी संपली आणि पुढे बीएसएनएलच्या १७२ ने सुरू होणाऱ्या क्रमांकांनी स्थानिक कॉलच्या दरात इंटरनेट गावोगाव पोहोचले. त्यानंतर बीबीएसचे प्रयोजन उरले नाही. नगरच्या ऐतिहासिक वस्तुसंग्रहालयाने जिल्ह्याची जुनी कागदपत्रे जपली आहेत. त्यांच्या शेजारी या काळालाही जागा मिळायला हवी. फ्लॉपीवरचा चुंबकीय लेप वर्षागणिक निकामी होत असतो. ज्यांच्या माळ्यावर त्या वेळच्या फ्लॉपी, मोडेम किंवा एसटीडीची बिले असतील, त्यांनी त्यांची नक्कल करून घ्यावी आणि मूळ वस्तू संग्रहालयाकडे सोपवाव्यात.