परवान्याबाहेरचं डोंगल

घरच्या डेस्कटॉपच्या यूएसबी पोर्टमध्ये खोचायचं साधं वायफाय डोंगल आज काही शे रुपयांत मिळतं. नखाएवढ्या त्या तुकड्यात अख्खं प्रक्षेपण केंद्र असतं. ते लहरी पकडतं आणि सोडतंही. आपल्याकडे लहरी सोडणं तर दूरच, नुसता ऐकायचा रेडिओ घरात ठेवायलाही एकेकाळी परवाना लागे. १९३३ च्या वायरलेस टेलिग्राफी कायद्याने असं यंत्र विनापरवाना बाळगणं हाच गुन्हा ठरवला होता, आणि पोस्टात पैसे भरून रेडिओचं लायसन दरसाल नवं करून घेण्याचा रिवाज १९८० च्या दशकापर्यंत चालू होता. त्या रिवाजापासून बिनकागदी डोंगलपर्यंतचा प्रवास सहसा चिप स्वस्त झाल्याची गोष्ट म्हणून सांगितला जातो. ती गोष्ट खरी आहे, पण उत्तरार्धाची. हे यंत्र आधी कायद्याने स्वस्त केलं, कारखान्याची पाळी नंतर आली.

हे डोंगल ज्यावर बोलतं तो २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा दळणवळणाच्या दृष्टीने ओसाड मानला जाई. औद्योगिक, वैज्ञानिक आणि वैद्यकीय उपकरणांसाठी तो सोडून दिलेला होता. मायक्रोवेव्ह ओव्हनही तिथलाच रहिवासी. मे १९८५ मध्ये अमेरिकेच्या एफसीसी या नियामक संस्थेने, मायकेल मार्कस या तिथल्याच अभियंत्याच्या पाठपुराव्यामुळे, असे तीन पट्टे विनापरवाना खुले केले. अट एवढीच, की शक्ती मर्यादित ठेवायची आणि संदेश रुंद पट्ट्यावर पसरून पाठवायचा. पसरून पाठवण्याचं हे तंत्र लष्कराला कित्येक वर्षं ठाऊक होतं. नवी होती ती फक्त मुभा. ती मिळताच गल्ल्यावरची यंत्रं बनवणाऱ्या एनसीआर कंपनीच्या नेदरलँड्समधल्या अभियंत्यांनी दुकानांतलं तारांचं जंजाळ टाळण्यासाठी वेव्हलॅन हे बिनतारी जाळं तयार केलं. त्याच कंपनीचे विक हेज पुढे वायफायच्या ८०२.११ मानकाच्या समितीचे अध्यक्ष झाले. १९९७ च्या पहिल्या मानकाचा वेग होता २ एमबीपीएस, १९९९ च्या सुधारणेने तो ११ वर नेला, आणि त्याच वर्षी ॲपलने आयबुकसाठी ९९ डॉलरचं वायफाय कार्ड बाजारात आणलं.

भारतात २००५ चा जानेवारी महत्त्वाचा. महिन्याच्या मध्यावर बीएसएनएलने डेटावन ब्रॉडबँड सुरू केलं आणि महिनाअखेरीस निघालेल्या अधिसूचनेने २.४ गिगाहर्ट्झमधली कमी शक्तीची उपकरणं परवान्यातून सुटली. जागतिक व्यापार संघटनेच्या माहिती तंत्रज्ञान करारानुसार संगणकीय मालावरचं आयात शुल्कही त्याच वर्षापर्यंत शून्यावर यायचं होतं. टेलिफोनच्या तारेवरून येणाऱ्या ब्रॉडबँडचा मोडेम फोनपाशीच बसे, संगणक मात्र दुसऱ्या खोलीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून जुळवलेल्या असेम्बल्ड पीसीला लॅन पोर्ट असे, वायफाय नसे. कॅबिनेट उघडून कार्ड बसवण्यापेक्षा बाहेरून काही खोचणं सोपं, आणि ते २००० सालच्या यूएसबी २.० ने शक्य केलं होतं. तिची ४८० एमबीपीएसची वाट तेव्हाच्या वायफायला ऐसपैस होती.

यावर कोणी म्हणेल, की तैवानच्या रालिंक-रिअलटेकसारख्या कंपन्यांनी अख्खा रेडिओ एका चिपवर आणला नसता तर कायदा काय कामाचा? आक्षेप वजनदार आहे. स्वस्त डोंगलची काटकसर खरोखर कारखान्यातली आहे: एकच अँटेना, एकच पट्टा, आणि बरंचसं काम संगणकातल्या ड्रायव्हरवर ढकललेलं. ड्रायव्हर जुळला नाही की डोंगल निर्जीव होतं. पण शेजारच्या पोर्टमध्ये याच काळात खोचलेलं टाटा फोटॉन किंवा रिलायन्स नेटकनेक्टचं मोबाइल इंटरनेटचं डोंगल पाहावं. खोचायची रीत तीच, आतही चिपवरचा रेडिओच. पण त्याच्या मागे परवान्याची हवा, म्हणजे परवान्याच्या लहरी होत्या, म्हणून ते एका कंपनीला बांधलेलं आणि मासिक बिलाशी जखडलेलं. २०१० च्या ३जी लिलावात सरकारने अशाच परवान्याच्या हवेचे ६७ हजार कोटींहून अधिक रुपये वसूल केले. वायफाय डोंगलच्या किमतीत हवेचं भाडं शून्य आहे. ते वाहून नेतं ते इंटरनेट फुकट नसतं, हे खरं. पण मोडेमपासून टेबलापर्यंतच्या शेवटच्या काही मीटरचा हिशेब कोणी मागत नाही.

दुसरा आक्षेप बेबंदशाहीचा. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांआधीची धमकीची ईमेल नवी मुंबईतल्या एका उघड्या वायफायवरून गेली, तेव्हा परवाना हवाच होता असं म्हणणाऱ्यांना बळ मिळालं. दूरसंचार विभागाने पुढे वायफाय सुरक्षित करण्याचा आग्रह धरला, पण पट्टा पुन्हा कुलूपबंद केला नाही, आणि ते योग्यच झालं. दोष उघड्या जोडणीचा होता, लहरीचा नव्हता. गर्दीची तक्रार मात्र झटकता येत नाही. या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल जेमतेम तीन, तेवढ्यातच इमारतीतले सगळे राउटर, ब्लूटूथ आणि ओव्हन. शिवाय यूएसबी ३.० च्या पोर्टमधूनही याच पट्ट्यात गोंगाट होतो, असं इंटेलने २०१२ मध्ये दाखवून दिलं; म्हणून डोंगल छोट्या एक्स्टेन्शन केबलवर लांब धरलं की कधीकधी वेग सुधारतो. खोक्यावरचे १५० एमबीपीएस हाती येत नाहीत, ते या आणि इतर कारणांनी. २०१८ मध्ये सरकारने ५ गिगाहर्ट्झमधला ६०५ मेगाहर्ट्झचा ऐसपैस पट्टा घराबाहेरच्या वापरासाठीही मोकळा केला. सर्वांत स्वस्त डोंगल तिथे पोचतच नाही, कारण दुसऱ्या पट्ट्याचा रेडिओ बसवायला पैसे लागतात. तिथे अडवणूक आता कायद्याची उरलेली नाही. ती कारखान्याच्या खर्चाची आहे.