चारचौघांतली परीक्षा

जूनमध्ये शाळांच्या दारी तोरणं लागतात, पहिलीच्या मुलांना गुलाबाचं फूल मिळतं, पालकांसमोर गुणवंतांचं कौतुक होतं. हा प्रवेशोत्सव सरकारी परिपत्रकातून आला असं म्हणतात, पण त्यामागची गरज फार जुनी आहे. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडेवाड्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा काढली, तेव्हा खरी अडचण फळा-पाटीची नव्हती, आईबापांच्या मनातल्या धास्तीची होती. म्हणूनच १८५३ च्या फेब्रुवारीत पुण्यात मुलींची परीक्षा बंद खोलीत न घेता जाहीरपणे झाली आणि ती पाहायला मोठी गर्दी लोटली. आपल्या आळीतली पोर भर सभेत उत्तर देते, हे डोळ्यांनी पाहिल्यावर धास्तीला उत्तर मिळतं.

हा देखावा साहेबलोकांसाठी आणि देणगीदारांसाठी होता, असा आक्षेप घेता येईल. शाळांना मदत हवी होती, हे खरंच. पण १८५५ मध्ये याच शाळांतल्या मुक्ता साळवे या मातंग मुलीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. त्यात तिने मांग-महारांच्या छळाचा जाब थेट विचारला होता. नुसत्या देखाव्यासाठी पढवलेली मुलगी असं लिहीत नाही.