१८२२ चें अमेरिकन सुवर्णनाणें : टांकसाळीचा आंकडा व अवशिष्ट पुरावा

जें नाणें थोडें पाडलें तें दुर्मिळ व जें पुष्कळ पाडलें तें सुलभ, असा समज संग्राहकांत रूढ आहे. तो कितपत ग्राह्य आहे हें तपासण्यास अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचें पांच डॉलरचें सुवर्णनाणें उत्तम साधन आहे, असें आम्हांस वाटतें. फिलाडेल्फिया येथील टांकसाळीच्या हिशेबांत अशीं नाणीं १८१५ सालीं ६३५ व १८२२ सालीं १७,७९६ पाडल्याची नोंद आहे. परंतु आज १८१५ चीं सुमारें डझनभर नाणीं ज्ञात आहेत, तर १८२२ चीं अवघीं तीन.

याचें मुख्य कारण सोन्याच्या भावांत आहे. १७९२ च्या कायद्यानें अमेरिकेनें सोनें व रुपें यांचें मूल्यप्रमाण एकास पंधरा ठरविलें. फ्रान्सांत १८०३ पासून तें एकास साडेपंधरा होतें. अर्थात् अमेरिकेचें सुवर्णनाणें परदेशीं नेऊन आटविणें लाभाचें झालें. पुढें १८३४ च्या कायद्यानें या नाण्याचें वजन १३५ ग्रेनांवरून १२९ वर आणिलें व कसही उतरविला. शुद्ध सोनें १२३.७५ ग्रेनांऐवजीं ११६ ग्रेन राहिलें. तेव्हां उरलेलीं जुनीं नाणीं दर्शनी किंमतीस खर्चण्यापेक्षां मुशींत घालणेंच अधिक परवडूं लागलें.

शिवाय हिशेबांतील आंकडा त्या वर्षांत टांकसाळीनें दिलेल्या नाण्यांचा असे. जुना साचा निकामी होईपर्यंत वापरण्याची चाल असल्यामुळें त्या सर्वांवर त्याच सालाचा अंक होता, असें निश्चयानें म्हणतां येत नाहीं.

उपलब्ध तीन नाण्यांपैकीं दोन स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहांत आहेत. तिसरें पूर्वीं लुई एलियासबर्ग यांच्या संग्रहांत होतें. तें १९८२ सालीं ६,८७,५०० डॉलरांस व मार्च २०२१ मध्यें ८४ लक्ष डॉलरांस लिलावांत विकलें गेलें.

यावरून आमचा निष्कर्ष असा कीं, दफ्तर निर्मितीची साक्ष देतें, अवशेषाची नव्हे. पोथीच्या किती नकला झाल्या यावरून किती उरल्या हें जसें ठरत नाहीं, तसेंच हें होय. म्हणून संग्राहकांनीं केवळ आंकड्यावर विसंबूं नये. हातीं आलेल्या प्रत्येक नाण्याचें वजन, ठसा व पूर्वस्वामित्व यांची टिपणी ठेवावी. पुढील संशोधकांस खरा आधार तिचाच होईल.