काळ्या अक्षरांचे प्राक्तन

वर्तमानपत्राचे नाव, पदवीपत्राचा मथळा किंवा एखाद्या जुन्या मद्याच्या बाटलीवरील चिठ्ठी, अशा ठिकाणी इंग्रजी अक्षरांचे एक टोकदार, काळेभोर आणि काहीसे दुर्बोध वळण आपण सर्वांनी पाहिलेले असते. त्याला गॉथिक म्हणतात. केवळ शोभेसाठी उरलेले हे वळण एके काळी एका मोठ्या राष्ट्राचे नित्याचे अक्षर होते. ते कसे जन्मले आणि कोणाच्या आज्ञेने मावळले, हा इतिहास मुद्रणाचा जितका आहे, तितकाच राज्यकारभाराचाही आहे.

बाराव्या शतकाच्या सुमारास उत्तर युरोपातील लेखनिकांनी अक्षरे अरुंद आणि उभट करून एकमेकांना खेटून लिहिण्यास आरंभ केला. चामड्याचे पत्र महाग होते आणि ग्रंथांची मागणी वाढत होती. रुंद टोकाच्या पिसाच्या लेखणीने लिहिलेले ते पान विणलेल्या वस्त्रासारखे दिसे. म्हणून त्या वळणाला ‘टेक्स्टुरा’ असे नाव मिळाले. माइन्झ येथे गुटेनबर्गने १४५५च्या सुमारास ४२ ओळींचे बायबल छापले, तेव्हा त्याने खिळे पाडले ते याच वळणाचे. छापील ग्रंथ हस्तलिखितासारखा दिसावा, हीच त्या काळी मुद्रकाची प्रतिष्ठा होती.

इटलीतील विद्वानांना मात्र हे अक्षर रुचले नाही. त्यांनी त्याला ‘गॉथिक’ म्हणून हिणविले. गॉथ म्हणजे ४१० साली रोम लुटणारे रानटी लोक. गॉथांचा या अक्षराशी काहीएक संबंध नव्हता. नाव ठेवले गेले ते केवळ तिरस्काराने. या पंडितांनी जुन्या पोथ्यांतील गोल, मोकळे अक्षर प्राचीन रोमचे समजून उचलले. वस्तुतः तेही शार्लमेनच्या काळातील, नवव्या शतकाच्या आसपासचे होते. तेव्हा एका अक्षराची निंदा आणि दुसऱ्याची स्तुती, या दोहोंच्याही मुळाशी गैरसमज होता.

जर्मनीने आपले वळण सोडले नाही. मार्टिन ल्यूथरचा नवा करार १५२२ साली जर्मन भाषेत प्रसिद्ध झाला तो ‘श्वाबाखर’ नावाच्या गॉथिक अक्षरांत. त्याच सुमारास सम्राट मॅक्सिमिलियनच्या आश्रयाने ‘फ्राक्टुर’ हे अधिक डौलदार वळण सिद्ध झाले आणि पुढे चारशे वर्षे जर्मन ग्रंथ बहुशः त्याच अक्षरांत छापले गेले. जर्मन मजकुरात एखादा लॅटिन शब्द आला, तर तेवढाच रोमन अक्षरांत जुळविण्याचा प्रघात पडला. अक्षरावरून भाषा ओळखावी, अशी ही विभागणी होती.

मग अक्षर हा अभिमानाचा विषय व्हावा, यात नवल नाही. आपल्या चिरंजीवांचे ग्रंथ रोमन अक्षरांत निघाले नाहीत, याचा गटेच्या मातोश्रींना संतोष वाटे. उलट, याकोब ग्रिमसारख्या भाषापंडिताला फ्राक्टुर कुरूप वाटे. त्याने आपल्या जर्मन कोशाचा १८५४ सालचा पहिला खंड रोमन अक्षरांत काढला. १९११ साली हा वाद जर्मन संसदेपर्यंत गेला; परंतु सुधारकांचा पक्ष तेथे टिकला नाही.

हिटलरची राजवट आली आणि फ्राक्टुर हे खरे जर्मन अक्षर म्हणून मिरविले जाऊ लागले. परंतु ३ जानेवारी १९४१ रोजी मार्टिन बोरमनच्या सहीने एक परिपत्रक निघाले. गॉथिक अक्षर हे जर्मन नसून ज्यूंचे अक्षर आहे, सबब यापुढे रोमन अक्षरच प्रमाण मानावे, असा त्याचा आशय होता. गंमत अशी की, ज्या कागदावर हा हुकूम निघाला, त्याचे शीर्षनाम गॉथिक अक्षरांतच छापलेले होते! दिलेले कारणही धादांत खोटे होते. जर्मनीतील आरंभीचे मुद्रक ख्रिस्ती होते. खरी अडचण निराळी होती: जिंकलेल्या देशांतील प्रजेला जेत्यांचे हे अक्षर वाचता येत नव्हते.

सरकारी कामकाजात आयुष्य घालविलेल्या मनुष्याला हे परिपत्रक विशेष बोधप्रद वाटते. हुकमाची सोय एक आणि हुकमात लिहिलेले कारण दुसरे, हा प्रकार कचेऱ्यांना अपरिचित नाही. परंतु त्या खोट्या कारणाच्या मागे एका संपूर्ण समाजाचा संहार उभा होता. अक्षरालासुद्धा वंश चिकटविणारी ती बुद्धी माणसांची काय गत करीत होती, हे जगाने पाहिले. आणि नियतीचा खेळ असा की, ज्या राजवटीने या अक्षराला हद्दपार केले, तिचेच चिन्ह म्हणून आज अनेक लोक त्याकडे पाहतात.

छापील अक्षराबरोबर शाळांतील जुने जर्मन हस्ताक्षरही १९४१ मध्येच गेले आणि युद्धानंतर ते नित्य व्यवहारात परतले नाही. त्यामुळे आजोबांची पत्रे घरात असूनही नातवंडांना ती वाचता येत नाहीत, अशी स्थिती जर्मनीत कित्येक कुटुंबांची झाली. मराठी माणसाला हे दुःख समजावून सांगावयास नको. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत शाळांतून शिकविली जाणारी मोडी आपल्या व्यवहारातून गेली आणि पुण्याच्या पेशवे दप्तरातील कागदांचे ढीग जाणत्या वाचकाची वाट पाहत राहिले. मोडी द्वेषापोटी गेली नाही. छपाईच्या सोयीपुढे ती मागे पडली. परिणाम मात्र सारखाच झाला.

कालमानाने लिपी बदलते, आणि सोयीसाठी ती बदलावीही. परंतु जुने अक्षर वाचू शकणारी चार माणसे प्रत्येक पिढीत तयार होतील, एवढी तजवीज त्याच हुकमात असली पाहिजे. नाहीतर कागद शाबूत राहतात आणि त्यांतील पूर्वज मुके होतात.