औषधाशेजारची दुसरी सिरिंज : घोड्याच्या रक्तापासून पुण्यातील सलाईनपर्यंत

१/ वाशिम जिल्ह्यात पेरणीपासून सोयाबीनच्या सोंगणीपर्यंतचा काळ हा सर्पदंशाचाही काळ असतो. दंश झालेल्या माणसाला प्रतिसर्पविषाची सलाईन लावताना शेजारी अ‍ॅड्रेनलीनची सिरिंज भरून ठेवावी, असा दंडक आहे. ही सिरिंज सापाच्या विषासाठी नसते. विषावरच्या औषधासाठी असते. या दंडकामागे सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. 🧵

२/ १८९० साली बर्लिनमध्ये एमिल फॉन बेहरिंग आणि शिबासाबुरो कितासातो यांनी दाखवून दिले की, विषाची सवय केलेल्या प्राण्याच्या रक्तातील सीरम दुसऱ्या जीवाला वाचवू शकते. १८९४ मध्ये फ्रान्समध्ये सर्पविषावरही हीच युक्ती लागू पडली. भरपूर रक्त देणारा म्हणून घोडा या विद्येचा आधारस्तंभ ठरला.

३/ पण १८९६ मध्येच बर्लिनला हादरा बसला. रॉबर्ट लांगरहान्स या विकृतिशास्त्रज्ञाच्या लहान मुलाला घटसर्प होऊ नये म्हणून सीरम टोचण्यात आले आणि ते मूल दगावले. मूल आजारी नव्हते. मग मृत्यू कशाने झाला? या प्रश्नाने युरोप ढवळून निघाला.

४/ त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. १८९७ च्या मार्चमध्ये प्लेगच्या जंतूचा शोध लावणारे अलेक्झांडर येर्सिन स्वतःचे सीरम घेऊन मुंबईत उतरले. अपेक्षा मोठ्या होत्या. गुण मात्र बेताचाच आला.

५/ पुढे आर्थर रोड रुग्णालयात (आजचे कस्तुरबा) डॉ. नसरवानजी चोक्सी यांनी लुस्टिग यांचे सीरम तपासले. एका रुग्णाला सीरम द्यायचे, पुढच्याला नाही. मग दोन्ही गटांची तुलना करायची. औषधाची कीर्ती न पाहता त्याचा हिशेब मांडण्याची ही शिस्त त्या काळी जगातही दुर्मीळ होती.

६/ अपायाचा हिशेब मांडला गेला तो व्हिएन्नात. क्लेमेन्स फॉन पिर्के आणि बेला शिक यांनी सीरम दिलेल्या मुलांचे निरीक्षण केले. साधारण आठ-बारा दिवसांनी ताप, अंगावर गांधी, सांधेदुखी. आणि तेच सीरम पुन्हा दिले तर त्रास कितीतरी लवकर. १९०५ मध्ये त्यांनी या विकाराला ‘सीरमरोग’ असे नाव दिले.

७/ त्यांचा निष्कर्ष क्रांतिकारक होता : अपाय केवळ औषधातून होत नाही, शरीराच्या प्रत्युत्तरातूनही होतो. घोड्याचे प्रथिन परके असते. शरीर त्याच्याविरुद्धही प्रतिपिंडे घडवते. या बदललेल्या प्रतिसादासाठी पिर्के यांनी १९०६ मध्ये एक शब्द घडवला. तो आज घरोघरी आहे : ‘अ‍ॅलर्जी’.

८/ मग परकेपणा कमी करण्याचे प्रयत्न सुरू झाले. प्रतिपिंडाचा आकार इंग्रजी ‘वाय’ अक्षरासारखा. विष पकडणाऱ्या दोन भुजा आणि एक देठ. पेप्सिन या पाचक रसाने देठ छाटता येतो. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांवरचे आजचे भारतीय प्रतिसर्पविष असेच तयार होते. परळच्या हाफकिन संस्थेचे नाव या परंपरेशी जोडलेले आहे.

९/ तरीही प्रतिक्रिया थांबल्या नाहीत : पित्त उठणे, थंडी वाजणे, दम लागणे, रक्तदाब कोसळणे. त्वचेवर आधी चाचणी घेऊन त्यांचे भाकीत करता येत नाही, हेही कळले. श्रीलंकेत १९९९ मध्ये आणि २०११ मध्ये झालेल्या चाचण्यांत, आधीच दिलेल्या अल्प अ‍ॅड्रेनलीनमुळे तीव्र प्रतिक्रिया कमी होतात, असे दिसले.

१०/ दुसरा मार्ग होता घोडाच टाळण्याचा. दुसऱ्या महायुद्धात हार्वर्डच्या एडविन कोन यांनी मानवी रक्तद्रवातून गॅमा ग्लोब्युलिन वेगळे केले. ते स्नायूत चालले; शिरेतून देताच मात्र गंभीर प्रतिक्रिया आल्या, कारण रेणूंचे पुंजके होत. शिरेतून निर्धोकपणे देता येईल असे रूप यायला १९८० च्या दशकाची वाट पाहावी लागली.

११/ हेच औषध जानेवारी २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या तोंडी आले. पुण्यात सिंहगड रस्ता परिसरात गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले आणि अनेकांना इम्युनोग्लोब्युलिन द्यावे लागले. रक्त माणसाचेच, तरी त्रास पूर्ण टळत नाही : डोकेदुखी, ताप, हुडहुडी नेहमीची, क्वचित रक्ताची गुठळी, मूत्रपिंडाला इजा किंवा मेंदूच्या आवरणाला जंतूविना सूज. म्हणून सलाईन हळू सुरू करतात आणि रुग्णावर नजर ठेवतात.

१२/ या इतिहासाचा चुकीचा अर्थ जीवघेणा ठरतो. ‘रिअ‍ॅक्शन येईल’ या धास्तीने विषाची लक्षणे दिसत असतानाही लस न देता रुग्णाला पुढच्या शहरात धाडले, तर वाटेत विष आपले काम करत राहते. प्रतिक्रियेवर अ‍ॅड्रेनलीन हा उतारा आहे. भिनत चाललेल्या विषावर प्रतिसर्पविषाखेरीज उतारा नाही.

१३/ रिसोड असो वा मानोरा, रुग्णालयातील ती भरलेली सिरिंज औषधावरचा अविश्वास दाखवत नाही. बर्लिनमधील एका मुलाच्या मृत्यूपासून वैद्यक जे शिकत आले, ते तिच्यात साठलेले आहे : औषधाचा धोका ठाऊक असावा, त्यावरचा उपाय हाताशी असावा आणि मग औषध निर्धास्तपणे द्यावे.

#इतिहास #मराठी #वाशिम