वाचायला जायचं, पण मुक्काम कुठे टाकायचा?

आपल्या डोंगरकडा भागातल्या काही गटांतून यंदा एक विषय निघाला आहे. दहा-बाराजणींनी मिळून दोन दिवस, एक रात्र कुठेतरी मुक्काम करायचा आणि नुसतं वाचायचं. प्रशिक्षण नाही, कर्जाची बैठक नाही, नवससुद्धा नाही. ज्यांना वाचता येतं त्यांनी मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं आणि मग सगळ्यांनी बोलायचं. घरून पहिला प्रश्न येतो तो "कुठे राहणार?" हाच. प्रश्न रास्त आहे, आणि तो आजचा नाही. साडेसातशे वर्षांपूर्वी याच मराठवाड्यात बायांनी तो सोडवला होता. आजचं बोलणं त्यांच्याबद्दल.

तेराव्या शतकात, यादवांच्या राज्यात, चक्रधर स्वामी गावोगाव फिरत होते. गुजरातेतून आलेल्या या माणसाने मराठीत शिकवण दिली. त्यांच्यासोबत पुरुष होते, तशा बायाही पुष्कळ होत्या. बाइसा होत्या, महदाइसा होत्या. त्यात विधवा होत्या, वयस्कर होत्या, घर सोडून आलेल्याही होत्या. ही मंडळी पैठणपासून गोदेच्या काठाने हिंडत, देवळात, मठात नाहीतर झाडाखाली उतरत. जागा कशी आहे, पाणी कुठे आहे, भिक्षेला गाव किती लांब, हे सगळं रोज बघावं लागे.

या मुक्कामांची त्यांनी नोंद ठेवली. महानुभाव पंथात 'स्थानपोथी' नावाचा ग्रंथच आहे. स्वामी कोणत्या गावी, कोणत्या देवळात, कोणत्या दिशेला राहिले, हे त्यात लिहिलं आहे. जागांना नावंही वेगळी. जिथे नुसते बसले ते आसनस्थान, जिथे रात्र काढली ते वसतिस्थान आणि जिथे जास्त दिवस राहिले ते अवस्थान. आपणही जागा बघताना हाच भेद करायला हवा. दुपारभर बसायला चांगली असलेली जागा रात्री झोपायला चांगली असेलच असं नाही. धरणाच्या काठावर दिवसा गार वाटतं. रात्री तिथे दिवा नाही, आडोसा नाही आणि हाकेला माणूस नाही. ते आपलं आसनस्थान होऊ शकेल, वसतिस्थान नाही.

स्वामी गेल्यावर ही मंडळी अमरावती जिल्ह्यातल्या रिद्धपूरला, गोविंदप्रभूंजवळ जमली. तिथे म्हाइंभटांनी स्वामींच्या आठवणी गोळा करून 'लीळाचरित्र' लिहिलं. ते मराठीतलं पहिलं मोठं गद्य मानतात. एकट्याने खोलीत बसून ते लिहून होण्यासारखं नव्हतं. ज्याच्याजवळ आठवण, त्याला जाऊन विचारायचं, मग ती नागदेवाचार्यांकडून तपासून घ्यायची. बायांच्या आठवणीही त्यात आल्या. महदाइसा तर सतत प्रश्न विचारणारी म्हणूनच ओळखली गेली. रिद्धपूरलाच तिने कृष्ण-रुक्मिणीच्या लग्नाचे 'धवळे' रचले, आणि मराठीतली पहिली कवयित्री म्हणून आज तिचं नाव घेतात. त्याच रिद्धपुरात आता मराठी भाषा विद्यापीठ सुरू झालं आहे.

पुढे स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, असं परंपरा सांगते. मग ज्यांना पाठ होतं त्यांच्याकडून ते पुन्हा लिहून घेतलं. त्या पाठांपैकी एक हिराइसा नावाच्या बाईच्या नावाने ओळखला जातो. म्हणून आपल्या गटातल्या एखाद्या आजी म्हणाल्या, "मला अक्षर येत नाही, मी येऊन काय करू?" तर त्यांना हिराइसेची गोष्ट सांगा. ऐकून ध्यानात ठेवणाऱ्या बाईने पोथी वाचवली आहे.

आजींवरूनच दुसरी गोष्ट. केशोबासांना संस्कृतात लिहायची हौस होती. नागदेवाचार्यांनी त्यांना अडवलं. तसं केलं तर माझ्या म्हाताऱ्या बायांना काही मिळणार नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. भाषा ठरवताना त्यांनी सगळ्यात मागे बसलेल्या बाईचा विचार केला. जागा ठरवताना आपणही तोच करायचा. जिचे गुडघे दुखतात ती चढू शकेल का? जिचं लेकरू अंगावर पितं तिला आडोसा आहे का? जिच्याकडे गाडीभाड्याला पैसे नाहीत तिला जमेल का?

आणि आणखी एक, जे आपण मोठ्याने बोलत नाही. मुक्कामात एखादीची पाळी आली तर? चक्रधरांनी साडेसातशे वर्षांपूर्वी सांगितलं होतं, की नाकातून शेंबूड येतो तसाच हाही देहाचा स्राव, त्यात विटाळ कसला. आपण मात्र अजून बाजूला बसतो. म्हणून जागा बघायला गेल्यावर आधीच विचारून घ्या. जिथे आपल्यातल्या एकीलाही बाहेर बसावं लागणार असेल, ती जागा कितीही फुकट मिळाली तरी नको. संडास, पाणी आणि दाराला आतून कडी, या तीन गोष्टी स्वतः बघितल्याशिवाय हो म्हणू नका.

आता लांब जायचं की जवळ? सातारा जिल्ह्यात पाचगणी आणि महाबळेश्वरच्या मधे भिलार नावाचं गाव आहे. 4 मे 2017 रोजी ते 'पुस्तकांचं गाव' झालं. इंग्लंडशेजारच्या वेल्समधल्या हे-ऑन-वे या गावावरून ही कल्पना आली. तिथे जुन्या पुस्तकांची दुकानं आहेत. भिलारने दुकानं काढली नाहीत, घरं उघडली. सुरुवातीला पंचवीस ठिकाणी, कुणाच्या ओसरीवर, कुणाच्या खोलीत, कुठे शाळेत पुस्तकं ठेवली. कुणीही यावं, बसावं, वाचावं. जमेल तेव्हा जरूर जा. पण आपल्यापासून तो पल्ला एका रात्रीच्या वर जातो, आणि पहिल्याच खेपेला तेवढी सुटी कितीजणींना मिळेल?

भिलारकडून घ्यायची ती कल्पना: वाचायला ओसरी पुरते. आपल्या जिल्ह्यात नर्सी आहे, जिथे 1270 साली संत नामदेव जन्मले असं मानतात. त्यांचे गुरू विसोबा खेचर यांचं नाव औंढ्याशी जोडलेलं आहे. जनाबाईंचं गंगाखेड शेजारच्या परभणी जिल्ह्यात. नर्सी-औंढ्याच्या वाटेने शेगावची पालखी दरवर्षी जाते आणि शेकडो वारकऱ्यांची सोय गावकरी करतात. मुक्कामाची या वाटेला सवय आहे. दिवसा नर्सीला बसून नामदेव-जनाबाईंचे अभंग वाचा. रात्री तिथेच ओळखीच्या घरी राहा, नाहीतर परत येऊन गटातल्याच एखादीच्या शेतातल्या पक्क्या घरात.

वेळही आपल्या कामाची धरा. सोयाबीन निघून दिवाळी झालेली, आणि हळद काढायला अजून वेळ, असे मार्गशीर्षातले दिवस बरे. पाऊस नसतो, चिखल नसतो, पण थंडी असते. म्हणून उघड्यावर झोपायचा विचार करू नका. छप्पर आणि दोन-दोन चादरी हव्यातच.

जागा बघायला एकीने जाऊ नये. तिघींनी जावं: एक वयस्कर, एक लेकुरवाळी आणि एक जिला घरून परवानगी मिळणं सगळ्यात अवघड आहे. तिघी हो म्हणाल्या तरच जागा पक्की. घरी काय सांगायचं, तेही लपवू नका. देवाला जातो म्हटलं की बाईला आजही लवकर सोडतात. पण या वेळी खरं कारण सांगून बघा: वाचायला जातोय. महदाइसाही घराबाहेर पडून प्रश्न विचारत होती.